कावीळ, पांडुरोग आणि फुटणारे रक्त
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला दोन शब्द बोलण्यासाठी पाचारण केले, तेव्हा मी ‘शिक्षण आणि संस्कार’ असाच एखादा विषय घेईन अशी त्यांची कल्पना असावी. चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजविलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा ती काय करावयाची! परंतु आज मी एका रोगाविषयी बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. माझे शिक्षण मॅट्रिक आणि त्यापुढची शिक्षकाची पदविका एवढेच. तेव्हा औषध सांगण्याचा मला अधिकार नाही व मी ते सांगणारही नाही. हा रोग ओळखण्यात आपण कोठे चुकतो आणि डॉक्टर तो कसा ओळखतात, एवढेच मला सांगावयाचे आहे. ती चूक मी स्वतः केलेली असल्यामुळे तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार मात्र मला आहे.

१९८९ साली मी भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठच्या एका गावी सहाव्या वर्गाला शिकवीत होतो. वर्गात आपल्याच ज्ञातीतला एक मुलगा होता. अंगाने किरकोळ, चेहरा निस्तेज, आणि डोळ्यांचा पांढरा भाग कायम पिवळसर. मुले त्याला ‘पिवळ्या’ म्हणून हाका मारीत. महिन्यातून आठ-आठ दिवस तो शाळेत येत नसे. पावसाळ्यात, रोवणीच्या दिवसांत, आणि पुन्हा पौषाच्या थंडीत तर अधिकच. विचारले तर हातपाय ठणकतात म्हणून सांगे. अंगावर सूज नाही, जखम नाही, तेव्हा ठणका कसला? माझ्या मते तो कामचुकार होता. २६ जानेवारीच्या कवायतीची तयारी चालली असता तो रांगेतून बाहेर येऊन बसला, म्हणून मी त्याला मैदानाच्या पाच फेऱ्या मारावयास लाविले. तिसऱ्या फेरीत तो पडला आणि पाय पोटाशी घेऊन ओरडू लागला. ‘नाटके पुरे कर’ असे शब्द त्या वेळी माझ्या तोंडून गेले. त्याच्या वडिलांनी येऊन त्याला पाठीवर घालून नेले. ते मला काही बोलले नाहीत.

घरच्यांनी त्याला कावीळ उतरविणाऱ्याकडे नेले. काड्यांची माळ गळ्यात घातली गेली. ती लांबत लांबत छातीखाली आली, तेव्हा कावीळ उतरली असे ठरले. (ओल्या काड्या वाळून बारीक झाल्या की गाठी सैल पडतात आणि माळ आपोआप लांबते, यात कोणाची विद्या नाही.) महिन्याने डोळे पुन्हा पिवळे. पुन्हा माळ. मध्यंतरी कोणी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या, कोणी यकृताचे टॉनिक दिले. सातवीनंतर त्याची शाळा सुटली. पुढे एकोणिसाव्या वर्षी तापाचे निमित्त होऊन तो गेला. त्याच्या धाकट्या भावाचे रक्त नागपूरला तपासले गेले, तेव्हा रोगाचे नाव कळले: सिकलसेल. ती बातमी मला कळली तेव्हा मी दुसऱ्या गावी बदलून गेलो होतो. त्या घरी जाण्याचे धैर्य मला पुष्कळ दिवस झाले नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कावीळ आणि रक्ताची कमतरता या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या खणांत ठेवतो. कावीळ म्हणजे यकृत बिघडले, आणि फिकटपणा म्हणजे लोह कमी पडले, असे आपले दोन ठरीव हिशेब आहेत. परंतु माणूस एकाच वेळी फिकटही आहे आणि पिवळाही आहे, असे दिसले तर काय समजावयाचे? तेथे तिसरी शक्यता उभी राहते. रक्तातील तांबड्या पेशी आपल्या वेळेआधीच फुटत आहेत, ही ती शक्यता होय. डॉक्टर याला हिमोलिटिक ॲनिमिया म्हणतात.

आपल्या आयुर्वेदाने या दोन रोगांची सोयरीक फार पूर्वी जोडलेली आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सोळावा अध्याय पांडुरोगाचा असून कामलेचा, म्हणजे काविळीचा, विचारही त्याच अध्यायात केला आहे. पांडुरोगी मनुष्याने पित्त वाढविणारा आहारविहार केला असता कामला उद्भवते, असे तेथे सांगितले आहे. आणि पित्ताचा मार्ग अडल्याने होणारी कामला निराळी, तीत मलाचा रंग वाटलेल्या तिळांसारखा पांढुरका होतो, असा भेदही दाखविला आहे. प्राचीनांना तांबड्या पेशी ठाऊक होत्या असा दावा मी करीत नाही. तसले दावे ऐकून मी कंटाळलो आहे. परंतु फिकटपणा आणि पिवळेपणा एकत्र पाहण्याची, आणि रोग्याच्या मलमूत्राचा रंग विचारण्याची त्यांची दृष्टी आपण गमावली, हे मात्र खरे.

शरीरात घडते ते मी शाळेच्या भाषेत सांगतो. आमच्याकडे दाखलखारीज रजिस्टर असते. नवीन मूल आले की दाखल, गाव सोडून गेले की खारीज. तांबड्या पेशींचेही तसेच आहे. हाडांच्या आतील मज्जेत त्या दर सेकंदाला सुमारे २० लाख या प्रमाणात तयार होतात, सुमारे १२० दिवस रक्तात फिरतात, आणि म्हाताऱ्या झाल्या म्हणजे मुख्यतः पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, मोडीत निघतात. मोडलेल्या पेशीतील लाल द्रव्यापासून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य होते. यकृत त्यावर संस्कार करून ते पित्तावाटे बाहेर टाकते.

आता पटावरील संख्या घटली, तर कारणे दोनच असू शकतात. एक तर नवे दाखले कमी होत आहेत, अथवा खारीज होणारे वाढले आहेत. लोह कमी पडले, फॉलिक ॲसिड वा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले, म्हणजे दाखले घटतात. पेशी १२० दिवसांऐवजी पंधरा-वीस दिवसांतच मोडू लागल्या, तर खारीज वाढते. अशा वेळी मज्जा स्वस्थ बसत नाही. ती आपले उत्पादन नेहमीच्या सहा ते आठ पटींपर्यंत वाढवू शकते. म्हणूनच कित्येक रोगी वर्षानुवर्षे थोड्याशा फिकटपणावर निभावून नेतात आणि कोणाच्या लक्षात येत नाही. तिकडे यकृताकडे मात्र मोडीचा माल इतका येतो की त्याला तो उरकत नाही, आणि डोळे पिवळे होतात. यकृत निर्दोष असूनही कावीळ होते ती अशी. ही मोड कधी वाढते, कधी कमी होते, आणि त्याप्रमाणे पिवळेपणा आपोआप चढतो व उतरतो. माळेला यश येते ते याच चढउतारामुळे.

घरच्या माणसांनी कोणत्या खुणा पाहाव्यात? पहिली मी सांगितली: फिकटपणा आणि पिवळेपणा बरोबर असणे. खालची पापणी ओढून आतला रंग पाहावा आणि डोळ्यांचा पांढरा भाग उन्हाच्या उजेडात पाहावा. दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात काही कळत नाही. दुसरी खूण लघवीची. यकृताच्या काविळीत लघवी गर्द पिवळी होते, कारण संस्कार झालेले बिलिरुबिन पाण्यात विरघळते व मूत्रात उतरते. रक्त फुटून होणाऱ्या काविळीत संस्कार न झालेले बिलिरुबिन साचते. ते मूत्रात उतरत नाही, म्हणून डोळे पिवळे असूनही लघवी तितकी गर्द पिवळी दिसत नाही. याला एक भयंकर अपवाद आहे. पेशी रक्तवाहिन्यांतच एकदम फुटल्या तर त्यांतील लाल द्रव्य सरळ मूत्रात येते आणि लघवी कोऱ्या चहासारखी, लालसर काळी होते. असे दिसल्यास उजाडण्याची वाट पाहू नये. रात्रीच रुग्णालय गाठावे. तिसरी खूण म्हणजे डाव्या कुशीत, बरगडीखाली हाताला लागणारी पाणथरी. चौथी आपण कधीच जोडून पाहत नाही: कोवळ्या वयात पित्ताशयात खडे होणे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या पित्ताशयात खडे निघाले, तर ते अतिरिक्त बिलिरुबिनाचे असण्याचा संभव मोठा असतो. नुसते खडे काढून घरी येऊ नये, रक्ताची चौकशी करावी. आणि पाचवी खूण घराण्याची. चुलत्याला असेच होते, आत्याचे मूल लहानपणीच गेले, या गोष्टी आपण डॉक्टरांपासून लपवितो. नेमके त्याच सांगावयाच्या असतात.

नवजात बालकाविषयी एवढेच की, जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बाळ पिवळे दिसले तर ती नेहमीची बाळकावीळ समजू नये. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह व बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर रक्त फुटण्याचा धोका असतो, हे पुष्कळांना आता माहीत आहे.

आता डॉक्टर काय करतात ते पाहू. त्यांच्यापुढे दोन प्रश्न असतात आणि ते क्रमाने सोडवावयाचे असतात: रक्त फुटते आहे काय, आणि फुटत असल्यास का. पहिल्या प्रश्नासाठी ते आमचे रजिस्टरच उघडतात. नुकत्याच मज्जेतून बाहेर पडलेल्या कोवळ्या तांबड्या पेशींना रेटिक्युलोसाइट म्हणतात. निरोगी प्रौढात त्या शेकडा अर्धा ते अडीच असतात. हिमोग्लोबिन कमी आणि या कोवळ्या पेशी मात्र वाढलेल्या, याचा अर्थ दाखले जोरात चालू असूनही पट घटतो आहे. त्याच्या जोडीला बिलिरुबिन तपासतात आणि त्यातले संस्कार न झालेले, म्हणजे इनडायरेक्ट, किती ते पाहतात. फुटलेल्या पेशीतून बाहेर पडणारे एलडीएच नावाचे द्रव्य वाढलेले असते. आणि मोकळे झालेले लाल द्रव्य बांधून नेणारे हॅप्टोग्लोबिन खर्ची पडून घटलेले असते. या सर्वांहून मला स्वतःला मोलाची वाटली ती काचपट्टीवरील रक्ताची तपासणी. एक थेंब काचेवर पसरून रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा, याला मोठे यंत्र लागत नाही; जाणता डोळा लागतो. गोल, मध्ये फिकट अशा पेशींऐवजी तेथे कोयत्यासारख्या वाकड्या पेशी दिसतात, किंवा मध्यभागाचा फिकटपणा नसलेले लहान गोळे दिसतात, किंवा चावा घेतल्यासारख्या तुटक्या पेशी दिसतात. आणि प्रत्येक आकार पुढच्या तपासणीची दिशा दाखवितो.

दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे अनेक आहेत. शरीरच आपल्या पेशींवर उलटले असेल तर कूम्ब्सची चाचणी ते दाखविते. ही चाचणी १९४५ साली निघाली. पेशीतील जी-६-पीडी नावाचे द्रव्य जन्मतः कमी असेल, तर एरवी काही त्रास होत नाही. परंतु हिवतापावरचे प्रायमाक्वीन दिले, अथवा मुलाने डांबराची गोळी तोंडात घातली, की दोन-तीन दिवसांत रक्त फुटू लागते. प्रायमाक्वीनमुळे काही लोकांचेच रक्त का फुटते याचा उलगडा १९५६ साली अमेरिकेत झाला. हा दोष बहुधा पुरुषांत दिसतो आणि आईकडून मुलाकडे येतो. लोकरीच्या कपड्यांच्या ट्रंकेत आपण डांबरगोळ्या टाकतो आणि तेच कपडे न धुता, उन्हात न टाकता तान्ह्या बाळाला गुंडाळतो, हे माताभगिनींनी ध्यानात घ्यावे. येथे एक खोच आहे. रक्त नुकतेच फुटले असता या द्रव्याची तपासणी केली तर ती निर्दोष येऊ शकते. कारण ज्यांत द्रव्य कमी होते त्या जुन्या पेशी फुटून गेल्या आणि ज्यांत पुरेसे आहे त्या नव्या उरल्या. अशा वेळी दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते.

दुसरी खोच याहून महत्त्वाची. रोग्याला बाहेरचे रक्त देण्यापूर्वी तपासणीसाठी त्याचे स्वतःचे रक्त काढून ठेविले पाहिजे. एकदा दुसऱ्याचे रक्त मिसळले की पुढे तीन-चार महिने कोणाच्या पेशी तपासतो आहोत हेच कळत नाही. जीव वाचविण्याची घाई असतेच. परंतु एक नळी रक्त काढावयाला दोन मिनिटे पुरतात. ‘आधी नमुना घेतला काय?’ एवढे विचारण्यात उद्धटपणा नाही.

आपल्या विदर्भात मात्र पहिला संशय सिकलसेलचा घ्यावा लागतो. १९१० साली शिकागोच्या हेरिक या डॉक्टरांनी या कोयत्यासारख्या पेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. हा लाल द्रव्याच्या रेणूतील दोष आहे असे १९४९ साली पॉलिंग यांनी दाखविले. भारतात १९५२ साली तो निलगिरीतील आदिवासींत आढळला आणि १९५८ साली शुक्ला व सोळंकी यांनी नागपूरकडील लोकांत तो असल्याचे लिहिले. म्हणजे माझ्या त्या विद्यार्थ्याला मी पळावयास लाविले त्याच्या एकतीस वर्षे आधी! हे ज्ञान नागपुरात होते. तेथून आमच्या शाळेपर्यंत ते आले नव्हते.

माझ्यापर्यंत ते आले २०१९ साली, माझ्याच घरातून. मुलीची मुलगी अकरा महिन्यांची असताना तिच्या हातापायांचे पंजे सुजले आणि ती रात्रंदिवस रडू लागली. कोणी दृष्ट म्हणाले, कोणी मुरगळले म्हणाले. मुलगी म्हणाली, “बाबा, हिचे डोळे बघा बरं.” मी बाळाला उन्हात नेऊन पाहिले, आणि तीस वर्षांपूर्वीचे डोळे मला दिसले. ग्रामीण रुग्णालयातील तरुण डॉक्टरीणबाईंनी पापणी पाहिली, पोट चाचपले, आणि घराण्यात कोणाचे मूल दगावले काय असे विचारले. सहा महिने ते दोन वर्षे या वयात पंजे सुजणे ही पुष्कळदा या रोगाची पहिली खूण असते, असे त्यांनी सांगितले. विद्राव्यतेची चाचणी झाली. रक्त गढूळ झाले. ती चाचणी दोष आहे एवढेच सांगते. मूल रोगी आहे की केवळ वाहक, हे पुढच्या एचपीएलसी तपासणीने ठरते. नात रोगी ठरली. मुलगी आणि जावई दोघेही वाहक निघाले. मग आम्ही उभयतांनी रक्त दिले. माझी पत्नी निर्दोष आणि मी वाहक. या वयापर्यंत मला कधी काही झाले नाही. वाहकाला सहसा काही होतच नाही, म्हणून तर तपासल्याशिवाय तो सापडत नाही.

त्या विवाहात मी पत्रिका पाहिली होती, २८ गुण जुळले होते. गोत्र, कूळ, शेतजमीन, मुलाची नोकरी, सर्व विचारले होते. रक्त विचारले नाही.

गणिताचा शिक्षक म्हणून एक हिशेब सांगतो, कारण तो सर्वत्र चुकीचा सांगितला जातो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्य रोगी असण्याचा संभव चारात एक, वाहक असण्याचा चारात दोन, आणि निर्दोष असण्याचा चारात एक. ‘एक मूल रोगी झाले, आता पुढची तीन चांगली’ असा याचा अर्थ नव्हे. नाणेफेकीत मागच्या वेळी छाप पडला म्हणून या वेळी काटा पडेलच असे नसते. प्रत्येक गरोदरपणात हिशेब पहिल्यापासून. याच्याच उलट, एक वाहक व दुसरा निर्दोष असेल तर मूल सिकलसेलचे रोगी होत नाही. तेव्हा वाहकाने लग्न करू नये असे मी म्हणत नाही आणि कोणी म्हणू देऊ नये. दोघांचे रक्त आधी पाहावे, एवढेच. लग्न झालेलेच असेल, तर गरोदरपणाच्या सुरुवातीस, दहाव्या-अकराव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते. म्हणून दिवस राहताच डॉक्टरांकडे जावे.

गतवर्षी मी ही गोष्ट कार्यकारिणीत काढली, तेव्हा एका सन्माननीय सभासदांनी ‘याने आपल्या ज्ञातीचे नाव खराब होईल, मुलींची लग्ने अडतील’ अशी हरकत घेतली. त्यांच्या चिंतेचा मी अनादर करीत नाही. मुलीचा बाप मीही आहे. परंतु हा दोष कोणत्या एका ज्ञातीचा नाही. विदर्भात तो आदिवासींत आहे, बिगरआदिवासींतही आहे. आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे. जेथे हिवताप फार, तेथे तो फार, असे ॲलिसन यांनी १९५४ साली दाखविले. वाहक मूल जीवघेण्या हिवतापातून अधिक प्रमाणात वाचते. आपले पूर्वज जंगलाच्या आणि तळ्यांच्या काठी तगून राहिले त्याची ती किंमत आहे, पापाची निशाणी नव्हे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आणि ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी योजिली. सरकार उघड बोलत असता आपण कोणापासून लपवितो?

सभासदांच्या हरकतीतील एक भाग मात्र मला मान्य आहे. हे अहवाल ज्ञातीच्या सूचीत किंवा वधूवरांच्या यादीत छापू नयेत. ते ज्याचे त्याच्यापाशी असावेत आणि बोलणी पुढे जाण्यापूर्वी दोन्ही घरांनी एकमेकांना दाखवावेत. साखरपुडा झाल्यावर दाखविलेला अहवाल फक्त भांडण लावतो.

माझी नात आता शाळेत जाते. तिला रोज औषध आहे, दर काही दिवसांनी तपासणी आहे, आणि तरीही ठणका अधूनमधून येतोच. शाळेच्या पहिल्या दिवशी मी तिच्या वर्गशिक्षकांना एक चिठ्ठी नेऊन दिली. तहान लागेल तेव्हा तिला पाणी पिऊ द्यावे, लघवीस जाताना अडवू नये, थंडीत व पावसात उभे करू नये, धावण्याची सक्ती करू नये, ताप आल्यास अथवा पोट दुखू लागल्यास त्याच घटकेला घरी कळवावे, आणि पाय दुखतो म्हणाली तर तो दुखतो आहे असे समजावे, असे तीत लिहिले आहे. गुरुजींनी ती वाचून हजेरीपटाच्या पहिल्या पानावर चिकटविली.